साखळीआडचा चहा

समोरच्या सुनंदाचे वडील दर रविवारी येतात. ती साखळी न काढता वीतभर दार उघडते आणि फटीतून चहाचा कप बाहेर देते. ते जिन्याजवळ उभ्यानेच पितात, कप परत देतात.

“बरी आहेस ना?”

“बरी आहे.”

एवढंच बोलणं.

उंबऱ्यावरून काही देऊ-घेऊ नये, असं मानणाऱ्या घरात मी वाढले. एकदा न राहवून तिला म्हटलं, “अगं, म्हातारा माणूस. आत तरी घे.”

ती शांतपणे म्हणाली, “काकू, लहानपणी बाबांच्या माराला भिऊन मी पलंगाखाली झोपायचे. पाच वर्षं त्यांना दारच उघडलं नाही. आत्ता कुठे साखळीपर्यंत आलेय.”

माझा भाऊ येतो तेव्हा मी दार सताड उघडते. पोहे खाताखाता तो माझा, माझ्या मेलेल्या नवऱ्याचा उद्धार करतो. पुढचे दोन दिवस मला घास गिळवत नाही. तरी जाताना मीच म्हणते, “पुन्हा ये रे.” याला मी आजवर माया म्हणत आले.

बिल्डरने साखळी सगळ्यांच्याच दाराला बसवून दिली होती. सुनंदाची घासून काळी पडलीय. माझी अजून नव्यासारखी चकाकते.