हळदीला चार दिवस होते

शिरूरच्या माझ्या दवाखान्यात न्हावरे गावच्या एक ताई आल्या, तेव्हा त्यांच्या मुलीच्या हळदीला चार दिवस होते. मी दातांची डॉक्टर. बोलताना त्यांनी पदर तोंडाला लावला होता. लहानपणी हापशाचा दांडा लागून समोरच्या दाताचा कोपरा उडाला होता, आणि मिश्री सोडून वर्षं झाली तरी पिवळेपणा गेला नव्हता.

"मॅडम, माझ्या लग्नाच्या एकाबी फोटूत मी हसलेली न्हाई. लेकीच्या तरी हसू द्या."

नुसता कोपरा भरून दिला असता तरी भागलं असतं. पण मलाच हौस फार. दात पांढरे करून लगेच फिलिंग केलं, तर बाई ओळखू येणार नाही, असं मनात आलं. दात पांढरे करायच्या औषधातला ऑक्सिजन दाताच्या आवरणात काही दिवस राहतो, आणि तोवर फिलिंग नीट चिकटत नाही. दोन आठवडे थांबायचं असतं. हे मला पाठ होतं. तरी एकाच दिवशी दोन्ही उरकलं. आरशात बघून ताई रडल्या, आणि मी स्वतःवर खूश झाले.

लग्नानंतरच्या आठवड्यात त्या परत आल्या. फिलिंग रुमालात बांधून आणलं होतं.

"हळदीच्या सकाळी पोळीचा घास तोडला आन् निघालं. दातानं तोडू नका म्हणला व्हता तुम्ही. माझंच चुकलं."

पोळीनं फिलिंग निघत नाही. तेवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. मी म्हणाले, "असू द्या ताई, आता जपा."

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. हळदीनं माखलेली लेक, भोवती सगळे हसतायत, आणि ताईंचा पदर तोंडावर. लेक मात्र कॅमेऱ्याकडे न बघता आईकडे बघत होती. मला तो मोबाइल हातात धरवेना.

आणखी आठवडाभर थांबून मी फुकट फिलिंग केलं. ते अजून टिकून आहे. खरं काय ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मला लाज वाटते, आणि भीतीही.

हल्ली न्हावऱ्याच्या बायका माझ्याचकडे येतात. परवा एक जण खुर्चीत बसता बसता म्हणाली, "ताईंनीच धाडलं. म्हणल्या, आपली चूक असली तरी मॅडम एका शब्दानं बोलत न्हाईत."