हरला त्यानं बोलू नये

सन २०२३. मला चौऱ्याहत्तरावं वर्ष लागलं होतं आणि माझा अडतीस वर्षांचा मुलगा व्हिडिओ गेमबद्दल लिहून पोट भरत होता. खेळून नाही, लिहून. कोणता खेळ चांगला, कोणता घेऊ नये, हे तो लिहायचा आणि कॅमेऱ्यापुढे बसून सांगायचा. भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. त्याच क्लासमध्ये आधी तो कितीतरी वर्षं बँकेच्या परीक्षांसाठी बसला होता. पास कधी झाला नाही. मग एक दिवस जिना चढून वर गेला आणि वरच टिकला. त्याचं बोलणं चार लोक थांबून ऐकतात, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

मला ते काम पटत नव्हतं. काम हलकं म्हणून नाही. तो खेळण्यात कच्चा होता म्हणून.

हे समजायला आमचा कॅरम सांगावा लागेल. मी चौथी शिकलेला माणूस. वर्ध्याकडून भोपाळला आलो, कारखान्यात वायरिंगच्या कामाला लागलो, बरखेड्यात क्वार्टर मिळालं. तिथं आम्हा मराठी लोकांचं मंडळ होतं आणि मंडळात कॅरम. माझा हात असा, की राणी काढायची असली तर मी बोर्डाकडे न बघता चहावाल्याला हाक मारायचो. बढाई नाही, बरखेड्यात कोणालाही विचारा. पण डाव संपला की भांडणं व्हायची. हरलेला म्हणायचा पावडर जास्त झाली, बोर्ड तिरपा आहे, तू कोपर पुढे घेतलंस. एकदा दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या, तेव्हा मी नियम केला. हरला त्यानं बोलू नये. जिंकलेला बोलेल, हरलेला सोंगट्या गोळा करेल. मंडळानं तो मानला आणि भांडणं थांबली. घरीही तोच चालला. मुलगा लहानपणापासून माझ्यासमोर बसायचा, हरायचा, आणि तोंड मिटून सोंगट्या गोळा करायचा. नियम वाईट होता असं मी आजही म्हणत नाही.

तर त्याच्या कामाबद्दल एकदा जेवताना मी बोललोच.

"ज्याला पहिली खोली ओलांडता येत नाही, त्यानं घर कसं आहे ते सांगू नये."

"मग दारातच ठेच लागते हे कोण सांगणार, बाबा?"

"ज्याला चालता येतं तो."

"त्याला ठेच लागतच नाही ना! आईला विचारा, सिटी बसची पायरी किती उंच आहे. कंडक्टरला विचाराल तर म्हणेल, कुठाय पायरी?"

"मला मधे ओढू नका," बायको म्हणाली. तिचे गुडघे गेलेले. भाजी वाढता वाढता पुढे म्हणाली, "पण उंच आहे हो मेली."

मी काही सोडणारा नव्हतो. "सिनेमा आपण न हलता पुढे सरकतो," म्हटलं. "खेळ सरकत नाही. तू जिथं मेलास तिथं तो संपला. पुढचं तू पाहिलंच नाहीस."

यावर त्यानं मान डोलावली. "हे बरोबर आहे. म्हणून मी लिहितो, इथवर पाहिलं, पुढचं पाहिलं नाही. खोटं नाही लिहीत."

"मग अर्ध्याचं मोलही अर्धंच."

"अर्धं तर अर्धं," म्हणाला आणि ताट उचलून आत गेला.

त्याच वर्षी थंडीत एक मोठा खेळ आला. पोरं म्हणे केव्हाची त्याची वाट बघत होती. एक पडका किल्ला, दारात साखळदंड फिरवणारा राक्षस, आणि त्याला मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. माझ्या मुलाला तो मारता आला नाही. त्यानं सरळ लिहून टाकलं, की हा खेळ हरवतो पण कशानं हरवलं ते दाखवत नाही, नवीन माणसानं घेऊ नये.

पोरं पेटली. त्याचा खेळतानाचा व्हिडिओ त्याच्याच ऑफिसनं टाकला होता. त्यातलं त्याचं मरण तेवढं कापून, त्याला लग्नाचा बँडबाजा जोडून त्यांनी ते गावभर फिरवलं. किल्ल्याच्या दारातल्या त्याच खांबाजवळ जातोय, मरतोय, परत जातोय, मरतोय. जवाहर चौकात मी चष्म्याची दांडी बसवायला गेलो तर दुकानदार मोबाइलवर तेच बघून हसत होता. मी चष्मा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि तसाच घरी आलो. मंडळात गेलो तर माझा जुना जोडीदार, कारखान्यातला क्रेनवाला, भोपाळी माणूस, हाक देत म्हणाला, "को खां, लड़का तो तुम्हारा मशहूर हो गया!" मी स्ट्रायकर मारला. साधी समोरची सोंगटी होती. चुकली.

मग त्याच्या ऑफिसच्या मालकानं तोडगा काढला. हॉल घेऊ, बघणाऱ्यांना बोलावू, त्यांच्यासमोर तू खेळ.

"मी त्याला सांगितलं, हरणार मी," मुलगा आम्हाला सांगत होता. "तो म्हणाला, हरलास तरी चालेल. नंतर माईक देतो, तुझं म्हणणं सांग. लोकांना पटलं तर तू कामावर राहशील. नाही पटलं तर माझाही इलाज नाही."

"सांगता येईल ना रे नीट?" बायकोनं विचारलं.

"तेवढं एकच तर येतं मला, आई."

त्या संध्याकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. हॉल पोरांनी गच्च भरलेला. माझ्या बाजूच्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अंकल, आप गलत जगह तो नहीं आ गए?"

"मेरा बेटा है वो. स्टेज पे."

"अच्छा! तो अंकल, आप ही कुछ सिखा देते!"

हशा मागच्या रांगेपर्यंत गेला. मी छाती काढून बसून राहिलो.

मुलगा खेळला. मेला. परत खेळला, परत मेला. आधी पोरं टाळ्या पिटून हसत होती. मग हसायचाही कंटाळा आला आणि ती आपापल्या मोबाइलमध्ये बघू लागली. ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. शेवटी मालकानं पडदा बंद केला आणि माईक त्याच्यापुढे धरला.

"अब बताओ भाई. क्या खराबी है इस गेम में?"

मुलानं माईक घेतला, तोंडापाशी नेला. हॉल शांत झाला. खरंच झाला, पोरं ऐकायला तयार होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण त्यानं आधी मला शोधलं. नजर खुर्च्यांवरून फिरत आली आणि माझ्यावर थांबली. ओठ मिटलेले. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. बोर्डाच्या पलीकडं बसायचं तेच तोंड. त्यानं माईक टेबलावर ठेवला, खाली वाकला, आणि तिथं पसरलेल्या वायरी गोळा करायला लागला.

मी उभा राहिलो. "बोल ना रे!" ओरडलो. "बोल! बोल!"

झालं. पोरांना तेवढंच हवं होतं. "बोल! बोल! बोल!" अख्खा हॉल टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडायला लागला, माझाच शब्द, माझ्याच मुलाला. तो वायरी गुंडाळत राहिला. एकेक वायर सरळ करून, नीट वेटोळं घालून. सगळ्या झाल्यावर स्टेजवरून उतरला.

जिन्यात मालक भेटला. वाईट माणूस नव्हता, त्याचाही चेहरा उतरला होता. "मैंने मौका दिया था, अंकल," तो मला म्हणाला, आणि मुलाला म्हणाला, "कल से मत आना."

ऑटोत मी विचारलं, "बोलला का नाहीस?"

"हरलो होतो," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. ऊन पडलंय असं कोणी सांगावं, तसं त्यानं सांगितलं. घरी येऊन आपल्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. बायको ताट घेऊन आत गेली आणि तसंच भरलेलं ताट घेऊन परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी त्याचं खेळाचं यंत्र पुढच्या खोलीतल्या टीव्हीला जोडलं. तो जोडताना पाहिलेलं होतं, आणि वायरी जोडण्यात उभा जन्म गेलाय माझा. तोच खेळ लावला. हातात धरायचं ते बटणांचं डबडं अंगठ्यांनी चालवायचं असतं, आणि माझे अंगठे काठीसारखे. चालायला गेलो तर माणूस गोल फिरला. पळवला तर भिंतीवर आपटला. कसाबसा किल्ल्याच्या दारात नेला, खांबाजवळ, आणि मेलो. साखळी कुठून आली, कोणी मारली, काही कळलं नाही. डोळ्यांसमोर नुसता खांब.

परत गेलो. परत तेच.

खेळता यायला पाहिजे, हे माझं मत होतं आणि आहे. पण ज्याला येतं तो त्या खांबापाशी उभाच राहणार नाही, आधीच बाजूला झालेला असेल, हे मला तिथं मरता मरता दिसलं.

"खांब आडवा येतो!" मी मोठ्यानं म्हटलं, आतल्या खोलीत जाईल एवढ्या मोठ्यानं. "मारणारा दिसतच नाही! मग माणसानं शिकायचं काय, कपाळ?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बंद दाराआडून मुलाचा आवाज आला, बसलेला, कडू.

"हरलात ना? मग बोलता काय?"

"हरलो," मी म्हटलं. "आणि बोलणार."

दार उघडलं नाही. मी अंगठे धोतराला पुसले आणि परत त्या खांबाकडे निघालो.