पाव्हण्यांसाठी राखलेला कप्पा

अन्याय माझ्या काकीवर झाला. कधी, तर गणपतीत, चवथीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची आरती झाल्यावर, ती आत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत असताना. गोव्याला घटकराज्य होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती.

तेव्हा मी शिकायला पेडण्याला काकांकडे राहत होते. त्या दुपारी चुलतभावाने घरच्या टॅबलेटवर सगळी ई-पुस्तकं एकत्र केली. एका खात्यात पाचच कप्पे, म्हणजे पाचच प्रोफाइल. काका, त्यांचे दोघे मुलगे, मी. पाचवा? चवथीला येणाऱ्या पाव्हण्यांसाठी. आमच्याकडे खोली राखतात, तसा कप्पाही राखला.

काकी हात पुसत बाहेर आली. काका म्हणाले, "तुका वेगळो कित्याक? माझ्यातच वाच गो."

तीच हसून म्हणाली, "खरां. मी काय परीक्षेक बसतंय?"

मग दुपारची भांडी झाली की काकांच्या कप्प्यात ती एक जाडजूड मराठी कादंबरी वाचायची. आवडलेल्या ओळी बोटाने पिवळ्या करायची. एके दिवशी काकांनी कप्पा साफ केला.

"असली रडगाणी माझ्या नावार कित्याक? काढून टाकलंय."

"मी अर्ध्यार होतंय," एवढंच काकी बोलली.

चुलतभावाने पुस्तक परत घातलं. पण ते पहिल्या पानापासून उघडलं आणि पिवळ्या ओळी गेलेल्या. काकीने टॅबलेट कपाटावर ठेवला आणि दुपारची झोपायला लागली. आधी ती दुपारी कधी झोपत नसे.

त्याच आठवड्यात मराठीला गोव्याची राजभाषा करा म्हणणाऱ्यांची सभा होती. काकांनी तिथलं आपलं भाषण माझ्याकडून तपासून घेतलं. घराघरातली मराठी जगवा, असं त्यात होतं. मी विचारलं, "काका, आपल्या घरात मराठी सगळ्यात जास्त कोण वाचतं?"

त्यांनी भाषणाचे कागद खिशात घातले. "सभेक उशीर जाता," म्हणाले आणि गेले.

मी पाव्हण्यांचा कप्पा पुसला, काकीचं नाव घातलं.

"पाव्हणे विचारतले," ती म्हणाली.

"त्यांना पेपर देऊ."

तिने टॅबलेट ओढून घेतला. "पासवर्ड मी घालतंय. तू थंय बघ."

मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. तिला बराच वेळ लागला.

तुमच्याही घरात एकच खातं असेल. आज ते उघडा. कोणाच्या नावाचा कप्पा नाही ते बघा. तिला विचारत बसू नका, ती नकोच म्हणेल. कप्पा करा, टॅबलेट तिच्या हातात द्या आणि तोंड फिरवून उभे राहा.