चाकणच्या बैलबाजारात उभी केलेली मोटार

चाकणच्या बैलबाजारात मी दलाली करायचो. त्या कमाईवर पुण्याहून कोरी मोटार घेतली आणि चाकण-पुणे उतारू नेऊ लागलो. गॅरंटी सहा महिन्यांची. ती संपली आणि खोड उघडी पडली. चढावर दुसरा गिअर आपोआप सुटायचा. एकदा मोशीच्या चढावर भरलेली गाडी मागे घसरत इंद्रायणीच्या पुलाकडे निघाली. ब्रेक लागला म्हणून वाचलो, पण बातमी पसरली आणि उतारू माझ्या गाडीत बसेनात.

मी तडक पुण्याला, मोटार विकणाऱ्या शेठच्या दुकानात गेलो.

"मुदत संपली, राव. आता दुरुस्ती तुमची तुम्ही बघा."

"बैल जुवाखाली बसला तर आमी मुदत इचारत न्हाई. खोड लपवली की बैल परत. आमच्या बाजाराचा नेम हाय."

"मग बैलच घ्यायचा होता की!"

सगळे दुकान हसले. टेबल उलथवायला हात शिवशिवले, पण मी बाहेर पडलो. कारण हाच शेठ बाजारच्या दिवशी चाकणला नवी मोटार आणून कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्यांना दाखवायचा.

पुढच्या बाजारी मी माझी गाडी त्या नव्या मोटारीला खेटून उभी केली आणि विकाऊ बैलाला लावतात तसा तिला गुलाल लावला. आमच्याकडे रीत अशी की, गिऱ्हाइकाने खोड विचारली की मालकाने ती सगळ्यांदेखत सांगायची. मगच रुमालाखाली बोटे धरून किमतीचा सौदा. मंचरचे एक म्हातारे मुसलमान व्यापारी माझे जुने गिऱ्हाईक. त्यांनी टायरवर काठी आपटली.

"दात किती रे?"

"अजून आदत हाय, चाचा, दुधाच्या दातांची. वर्साची बी न्हाई."

"खोड?"

"चढाला पाय सोडती. जल्मापासून."

"आणि ही शेजारची?"

"तिची सख्खी बहीण!"

बाजार खदाखदा हसला. नव्या मोटारीचे दार उघडून बसलेला बटाट्याचा व्यापारी हळूच खाली उतरला.

शेठ माझ्या कानाशी आला. "गिअरबॉक्स बदलून देतो. गाडी काढा इथून, आणि कुठे बोलू नका."

"कानात न्हाई, शेठ. हितं खोड मोठ्यानं सांगत्यात."

त्याने व्यापाऱ्यांकडे पाहिले. ते वाटच बघत होते. "यांचा गिअर मुळातच खराब निघाला," तो म्हणाला. "बदलून देतो."

"मागच्यांना ऐकू न्हाई आलं!"

त्याला पुन्हा ओरडून सांगावे लागले.

गिअरबॉक्स आली. मोशीचा चढ गाडी मुकाट चढू लागली, उतारूही परतले. लोक मला म्हणायचे, तो कानात कबूल झाला तेव्हाच सोडून द्यायचे होते. का सोडू? हसला तेव्हा तो माझ्या कानात हसला नव्हता.