बाळंतिणीची मरळ

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायची रीत. मला आई नव्हती, म्हणून माझं सासरीच झालं, परतूरजवळ दुधना नदीकाठच्या आमच्या गावात. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सासवांबद्दल मैत्रिणींनी माझे कान भरून पाठवलं होतं, त्यातलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. सासू फटकळ मात्र होती. मीही काही कमी नव्हते.

लेक झाली आणि मला दूध पुरेना. पोरगी चोखायची, चिडायची, रडून लालबुंद व्हायची. मेथीचे झाले, अळिवाचे झाले, सगळे लाडू खाऊन झाले. उरली होती मरळ मासळी. मरळीचं कालवण खाल्लं की बाळंतिणीला पान्हा फुटतो, याबद्दल आमच्या गावात कुणाचंच दुमत नव्हतं. सासरे तर मला दिवस गेल्यापासून डोहातली एक मरळ माझ्या नावानं राखून होते. कपारीत राहते, मांडीएवढी आहे, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. एका सकाळी पाण्यात उतरून, कपारीत हात घालून त्यांनी ती धरून आणली.

मरळ आणली की आमच्याकडं लगेच कापत नसत. मोठी चिवट जात. पाण्यात ठेवली की बरेच दिवस जगते. दारापुढच्या दगडी डोणीत तिला सोडलं आणि गल्ली बघायला जमली. माझ्या तर तोंडाला पाणी सुटलं होतं.

तेवढ्यात सासू रानातून आली. डोणीत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ही आपल्या घरात शिजायची न्हाई."

त्या वर्षी रानोरान संकरित कापूस होता आणि त्यावर एंड्रीनचं विषारी औषध मारणं चाललं होतं. फवारून झालं की माणसं पंप घेऊन डोहावर यायची आणि तिथंच धुवायची. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. खरकटी भांडी पाण्यावर न्यावीत तसे ते पंप नेत. सासू त्याच काठाला धुणं धुवायची. बारीक मासे भोवंड आल्यासारखे पाण्यावर गरगरताना तिनं पाहिले होते, आणि त्यांना गटागट गिळणारी मरळही.

"अगं, पर ही मेली का?" सासरे म्हणाले. "बारके मेले, ही बिलकुल ठणठणीत हाय. हिला काई झालं असतं तर हातात एवढी झटापट केली असती का?"

"मेली न्हाई म्हणूनच मला भ्या वाटून राह्यलं. बारक्याच्या अंगात चिमूटभर. आन् हिनं तसले किती गिळले?"

"मंग चार दिस हिरीच्या पाण्यात ठिवू. निघून जाईल सारं."

"मुरलेली लोणच्याची फोड धुतली तर खार निघतो का? हिच्या अंगात मुरलंय ते."

मी आतून ओरडले, "आत्याबाई, माझी पोरगी उपाशी हाय! मला खाऊ द्या."

सासू आत आली आणि माझ्या बाजेवर बसली. "तू वांगं खाल्लं तर लेकराचं पोट दुखंल, म्हणून मी तुला वांगं देत न्हाई. ते तुला बराबर पटतं. मंग मरळीनं खाल्लेलं तुझ्यात यायचं न्हाई का? आन् ते तुझ्यापशीच थांबंल का?"

मी पदराखालच्या पोरीकडं पाहिलं. त्यानंतर मरळीचं नाव मी काढलं नाही.

आईनं वांगं खाल्लं तर बाळाचं पोट दुखतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण त्या पथ्याचं बोट धरून माझी सासू जिथं पोचली, ती जागा बरोबर होती. शेजारणीनं मरळ मागितली, तिलाही दिली नाही. शेवटी सासऱ्यांनीच ती परसात खोल पुरली आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. त्यानंतर ते आमच्या दोघींशीही धड बोलेनात.

सासू तिच्या भावाकडं गेली आणि एक दुभती शेळी घेऊन आली. कापसाच्या बांधाला तिनं शेळीला कधी सोडलं नाही. लांबच्या माळावर स्वतः चारून आणायची. ते दूध ती माझ्यासमोर उभी राहून मला प्यायला लावायची. हळूहळू मला दूध आलं. पोरगी अंगानं भरली. ती मरळ खाल्ली असती तर काय झालं असतं, हे कोण सांगणार? पण सासूची आठवण आली की मला आधी त्या शेळीच्या दुधाचा वास येतो.

तीच पोरगी पुढं शाळेत शिकवायला लागली. पहिला पाठ घ्यायच्या आधी ती घरात फरशीवर खडूनं चित्र काढून सराव करत होती. शेवाळ, किडा, बारीक मासा, मोठा मासा, माणूस. एकातून दुसऱ्यात बाण. प्रत्येक बाणाला विष कसं घट्ट होत जातं, ते ती मला समजावून सांगत होती. माणसापाशी येऊन तिनं खडू खाली ठेवला.

तोवर सासू राहिली नव्हती. मी खडू उचलला. माणसाच्या पुढं आणखी एक बाण काढला आणि त्याच्या टोकाशी एक लहानसं गोल.

"ही तू," मी म्हणाले.

मग त्या बाणावर मधोमध एक आडवी रेघ ओढली.

"आणि ही तुझी आजी."