वॉल्टरच्या घरच्या बावीस मॅचेस

“माझ्या वडिलांनी घरच्या मैदानावर एकही हिट मारला नाही, असं तुमची वेबसाइट सांगते. माझी आई दर रविवारी त्याच मैदानावर बसलेली असायची. मग ती काय बघत होती?”

हा ईमेल सपोर्टच्या ढिगाऱ्यातून माझ्यापर्यंत यायला चार दिवस लागले. २०२१चा फेब्रुवारी होता. आयर्लंडमध्ये लॉकडाऊन होता, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. सँडीफोर्ड या उपनगरातलं आमचं ऑफिस मला फ्लॅटच्या खिडकीतून दिसायचं आणि जवळपास वर्षभर मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. जेवणाच्या टेबलाचा निम्मा भाग माझा, निम्मा बायकोचा.

आमची कंपनी खेळांचे आकडे विकते. वर्तमानपत्रं, टीव्ही चॅनेल्स, अ‍ॅप्स ते विकत घेतात. मी डेटा इंजिनियर. आकडे कुठून येतात, कुठे जातात आणि वाटेत सांडत तर नाहीत ना, एवढंच मी बघतो. नागपुरात क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला आयर्लंडमध्ये बसून अमेरिकेच्या बेसबॉलवर पोट भरावं लागेल, हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आता त्या वेळचं काम सांगतो. अमेरिकेत एके काळी काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये खेळू देत नसत. म्हणून त्यांनी स्वतःच्या लीग काढल्या. त्यांत एकाहून एक थोर खेळाडू होऊन गेले, पण अधिकृत विक्रमांत त्यांची नावं धरलीच जात नव्हती. २०२०च्या अखेरीला ठरलं की या लीगही ‘मेजर’ समजायच्या. अभ्यासकांनी जुन्या वर्तमानपत्रांतून वेचलेली स्कोअरकार्डं आमच्याकडे आली. ती सिस्टिममध्ये ओतायची, जुन्या विक्रमांशी जोडायची आणि सोमवारी ग्राहकांना द्यायची. पानं चाचणीसाठी वेबसाइटवर आधीच चढवली होती.

सगळ्यांचं लक्ष मोठ्या नावांकडे होतं. सर्वकालीन यादीत कोण कुणाच्या वर जाणार, यावर मीटिंगा चालायच्या. वॉल्टरकडे कोण बघणार? पोरसवदा वयात तो दोन सीझन खेळला, मग लीगच मोडकळीला आली आणि तो ट्रक चालवायला लागला. आता तो ब्याण्णव वर्षांचा होता, अमेरिकेतल्या वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये. हृदय थकलं होतं. काही आठवडे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे सगळं त्याच्या मुलीने, डोरीनने, ईमेलमध्ये लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, “आयुष्यभर ते म्हणत, आम्ही खेळलो ते कुणी मोजलंच नाही. आता मोजलंत, तर असं मोजलंत?”

मी वॉल्टरचं पान उघडलं.

बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी काढणं सोपं आहे. किती वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि त्यातल्या किती वेळा चेंडू टोलवून सुखरूप बेसवर पोचला, म्हणजे ‘हिट’ मिळवला, हा भागाकार. दहा वेळांत तीन हिट्स म्हणजे उत्तम खेळाडू; ही सरासरी दशांश तीन शून्य शून्य अशी लिहितात आणि बोलताना ‘तीनशे’ म्हणतात. वॉल्टरला दहा वेळांत जेमतेम सव्वा हिट दिसत होता. इतक्या वाईट खेळाडूला दुसऱ्या सीझनला कुणी घेतलंच नसतं.

मी मॅचेस वेगळ्या केल्या. बाहेरगावी वीस मॅचेस, एकाहत्तर वेळा बॅटिंग, एकोणीस हिट्स. घरी बावीस मॅचेस, ऐंशी वेळा बॅटिंग, हिट्स शून्य. ऐंशी वेळांत एकदाही नाही? मी स्वतः डोळे मिटून उभा राहिलो तरी एखादा चेंडू बॅटला लागला असता.

मूळ कागदांचे स्कॅन काढले. त्याच्या गावच्या पेपरने जागा वाचवायला हिट्सचा रकानाच छापला नव्हता. कोण खेळलं, किती वेळा उभं राहिलं, किती धावा झाल्या, बस्स. पेपरात जिथे काहीच नव्हतं, तिथे आमच्या सिस्टिमने शून्य भरलं होतं.

सिस्टिम स्वतःहून काही भरत नाही. कोणीतरी तसं सांगितलेलं असतं. मी कोडचा इतिहास उघडला आणि माझंच नाव दिसलं. सहा वर्षांपूर्वी लाइव्ह मॅचच्या डेटामध्ये एखादा रकाना रिकामा आला की सगळं कोसळायचं. एका शुक्रवारी वैतागून मी एक ओळ टाकली होती: रिकामं असेल तर शून्य धर. आजच्या मॅचला ते चालून जातं, कारण रिकामं म्हणजे अजून काही घडलेलं नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या मॅचला नाही. बॅटिंगला न आलेला आणि भोपळ्यावर बाद झालेला यांतला फरक गल्लीतल्या पोरालाही कळतो. मी तर कॉलेजच्या टीमचा स्कोअरर होतो. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

टेबलाच्या पलीकडे माझी बायको, अनघा, बसली होती. ती मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. तिला सांगितलं.

“आमच्याकडे न घेतलेल्या रीडिंगच्या जागी कुणी शून्य लिहिलं ना, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतात,” ती म्हणाली.

“मी घरीच आहे.”

“विनोद नंतर कर. बॉसला आधी फोन कर.”

बॉस म्हणजे डेक्लन. कॉर्क शहराकडचा, मनाने चांगला, घाईचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“किती खेळाडूंवर परिणाम?”

“तीनशेच्या वर. बहुतेक साधे. पण मोठ्या याद्याही थोड्या हलतील.”

“आणि लाँच सोमवारी. मग असं कर, युअर मॅन, तुझा तो वॉल्टर, बाहेरगावी ज्या दराने खेळला, तोच दर घरी लाव. सगळ्यांना तसंच. अंदाज वाजवी आहे. म्हातारा खूश, मुलगी खूश, ग्रँड.”

खरं सांगतो, मला मोह झाला. दुपारभर मी ते करूनही पाहिलं. वॉल्टरला घरी एकवीस हिट्स मिळाले. पान भरलेलं आणि छान दिसायला लागलं. बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. मरणाच्या दारातल्या माणसाला एकवीस हिट्स दिले तर कुणाचं काय जाणार होतं?

पण ते एकवीस हिट्स मीच मारले होते, वॉल्टरने नव्हे. आधी न विचारता त्याचे हिट्स काढून घेतले, आता न विचारता घालतोय. दोन्ही वेळा त्याच्या जागी मीच खेळत होतो. मी ते पुसलं आणि डेक्लनला परत फोन केला.

“रिकामी जागा रिकामी दाखवायची. डॅश. खाली टीप, की नोंद उपलब्ध नाही. सरासरी फक्त पूर्ण नोंद असलेल्या मॅचेसची. लाँच एक आठवडा पुढे.”

“ग्राहकांना काय सांगू?”

“चूक माझी होती, असं सांग. नावानिशी सांग.”

तो म्हणाला, “नाव राहू दे. आठवडा घे.”

त्या आठवड्यात मी दुसरा पुरावा शोधला. काळ्या वस्तीतून निघणारं एक साप्ताहिक त्या गावात होतं. त्यात हिट्स छापले असण्याची शक्यता होती. पण त्याच्या जुन्या अंकांच्या मायक्रोफिल्म्स ज्या वाचनालयात होत्या, ते कोविडमुळे बंद होतं. ग्रंथपाल बाईंनी कळवलं, उघडल्यावर बघू. वॉल्टरपाशी तेवढा वेळ नव्हता.

डोरीनला मी स्वतः व्हिडिओ कॉल केला. निवृत्त पोस्टवाली, सत्तरीला टेकलेली, पाठ ताठ. मी सगळं सांगितलं. नियम माझा होता हेही सांगितलं.

“म्हणजे नवी सरासरी?”

“दशांश दोन सहा आठ. चांगली आहे. पण ती बाहेरगावची आहे.”

“ते नेहमी म्हणायचे, तीनशेच्या वर.”

“त्याचा पुरावा माझ्याकडे नाही.”

“आणि घरचे सामने?”

“तिथे डॅश आहे.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. “माझ्या आईचे सगळे रविवार, आणि तुम्ही तिथे एक रेघ मारली.”

मी म्हटलं, “तिथे काय झालं ते आम्हाला माहीत नाही. माहीत आहे असं आम्ही दाखवलं, ती आमची चूक होती. मला माफ करा.”

तिने फोन ठेवला.

दोन दिवसांनी तिचाच कॉल आला. नर्सिंग होममध्ये भेटायला बंदी होती, म्हणून तिथल्या लोकांनी टॅबलेट धरला होता आणि तिने वडिलांना नवं पान वाचून दाखवलं होतं. मॅच, तारीख, हिट्स, एकेक करून. दोन सहा आठ ऐकून वॉल्टर हसला होता. “तीनशे तुझ्या आईला सांगितले होते,” तो म्हणाला होता, “तिला इंप्रेस करायला.”

“मग त्यांनी घरच्या मॅचेसबद्दल विचारलं,” डोरीन म्हणाली. “मी सांगितलं, डॅडी, ते म्हणतात त्यांना माहीत नाही.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, बरोबर आहे. ते तिथे नव्हते. मग त्यांनी मला त्या मैदानाबद्दल सांगितलं, तासभर. नर्सने टॅबलेट मागितला तरी देईनात. यातलं मी आधी काहीच ऐकलं नव्हतं.”



एप्रिलमध्ये तिचा ईमेल आला. त्यात एक तारीख आणि ‘थँक यू’, एवढंच. आमच्या प्रत्येक पानावर ‘निधन’ असा एक रकाना असतो. एरवी तो बाहेरच्या याद्यांवरून आपोआप भरतो. वॉल्टरचा मी हाताने भरला.

धडा म्हणाल तर फार मोठा नाही. रिकामा रकाना दिसला की आमच्या धंद्यातल्या माणसाचे हात शिवशिवतात. शून्य भरा, अंदाज भरा, पण भरा. आता माझ्या टीममध्ये भरण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: इथे काही घडलं नाही, की आपल्याला ठाऊक नाही? उत्तर येत नसेल तर हात लावायचा नाही. पुढे ते वाचनालय उघडलं. साप्ताहिकाच्या त्या दोन वर्षांच्या फिल्म्स जागेवर नव्हत्या. बावीस मॅचेस अजून रिकाम्या आहेत.