वन्संचा टॅब्लेट आणि आडवा र

सोमवार, ९ सप्टेंबर. सकाळी नळाला पाणी कमी. इस्त्रीवाला आला नाही. दुपारी साडेबाराला मुलीने तिच्या आत्यासाठी पाठवलेला टॅब्लेट आला. पसंत नसेल तर शनिवारपर्यंत दुकानात परत करता येईल. वन्सं दोन हाका मारूनही जेवायला उठल्या नाहीत. जेवण पुन्हा गरम केलं.

वहिनींनी एवढं लिहून पेनाला टोपण लावलं, तेव्हाही त्यांच्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, त्या काचेवर बोट फिरवतच होत्या.

वन्संचा जन्म अक्षरांत गेला. एका कचेरीच्या टायपिंग सेक्शनमध्ये एकतीस वर्षं. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "साहेबांची पत्रं संपली की बघू." पत्रं काही संपली नाहीत. सेक्शनमध्ये त्यांना 'धडधड' म्हणत, कारण त्या टाइपरायटरवर बसल्या की शेजारच्या टेबलावरचे कप हलायला लागत. पुढे टाइपरायटर गेला, संगणक आला, निवृत्ती आली. त्या भावाच्या घरी राहायला आल्या, भाऊही गेला, आणि घरात उरल्या नणंद-भावजय. धडधड मात्र थांबली नाही. जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर लॅपटॉप मांडून त्या लोकांचे प्रबंध आणि अहवाल टाइप करायच्या.

गेले पाच महिने एकच मोठं काम होतं. एका वसतिगृहाचे निवृत्त रेक्टर आपल्या आठवणी सांगत होते आणि वन्सं त्या टिपत होत्या. रेक्टरांना जिना उतरवत नव्हता, आणि त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वन्संचा लॅपटॉप चार्जरसकट विटांच्या पिशवीएवढा जड. ऑगस्टमध्ये उजवा खांदा असा धरला की वेणी घालायला वहिनी लागायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "एक तर ओझं सोडा, नाही तर जिने."

म्हणजे प्रश्न सरळ होता. टॅब्लेटने लॅपटॉपचं काम केलं तर पुस्तक वन्संच्या हातून पुरं होणार. नाही केलं तर शेवटची दोन प्रकरणं दुसऱ्या कुणाकडे जाणार. पाच महिने वाढवलेलं पोर ऐन बारशाला परक्याच्या मांडीवर.

मंगळवारी वन्सं तिन्ही जिने न थांबता चढल्या.

रेक्टरांनी त्यांचे रिकामे हात पाहिले. "बाई, यंत्र विसरलात?"

"पर्समध्ये आहे."

"मग मलाही पर्समध्ये घालून एकदा खाली न्या."

काम सुरू झालं. आवाज म्हणून नाही. रेक्टर मधेच थांबून विचारत, "टाइप करताय ना, की डोळा लागला?" वन्संच्या मात्र अंगात वारं भरलं होतं. बोटाने पान वर सरकवायचं, दोन बोटांनी अक्षर मोठं करायचं, आणि वर हे यंत्र अर्ध्या शब्दावरून पुरा शब्द ओळखून पुढे करायचं.

"मी 'वसति' लिहिते तोवर हा 'वसतिगृह' घेऊन उभा," बुधवारी त्या वहिनींना तिसऱ्यांदा सांगत होत्या. "सेक्शनमध्ये असा एक जरी कारकून असता तर मी लग्नसुद्धा उरकलं असतं. लॅपटॉप भंगारात देऊन टाकू."

"शनिवार अजून उजाडायचा आहे, वन्सं."

"तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या. तुम्हाला आनंदसुद्धा शिस्तीत लागतो."

वहिनी हसल्या आणि त्यांच्या वेणीला शेवटचा पेड घातला.

गुरुवारी रेक्टरांनी अर्पणपत्रिका सांगितली. ती त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवली होती. वन्संनी झटपट टाइप केली आणि अक्षरं मोठी करून टॅब्लेट कौतुकाने त्यांच्यापुढे धरला.

रेक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "बाई, हे काय केलंत?"

"का? तुम्हीच सांगितलंत. 'आमच्या वसतिगृहाच्या आचार्यांना.'"

"आचाऱ्यांना. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना. त्या माणसाने वीस वर्षं दोनशे मुलांना उपाशी झोपू दिलं नाही. आचार्य म्हणजे आमचे संस्थाप्रमुख, त्यांनी फक्त भिंतीवर सूचना लावल्या. आमचं बोलणं बंद आहे, आणि ते अजून हिंडते-फिरते आहेत. पुस्तक मिळालं की आभाराचं पत्र पाठवतील."

वन्संचा चेहरा उतरला. यंत्राने पुढे केलेला शब्द त्यांनी न वाचता उचलला होता. सेक्शनमध्ये दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याची सालं काढली असती. त्या दुरुस्तीला बसल्या. र अर्धा करून य जोडला की र टुणकन उडून य च्या डोक्यावर बसे आणि पुन्हा आचार्य हजर. आडवा होऊन य शेजारी राहायला तो तयारच नव्हता. टाइपरायटरवर त्या आडव्या र ची स्वतंत्र कळ होती. इथे शोधून सापडेना. आणि याच यंत्रावर उतरवलेली शेवटची दोन्ही प्रकरणं तर आचाऱ्यांनीच भरलेली, तिथेही सगळीकडे आचार्य.

"एक अक्षर ज्याला येत नाही, ते यंत्र माझ्या कामाचं नाही," त्या म्हणाल्या. "उद्या लॅपटॉप आणते."

"आणि खांदा?"

"खांदा माझा आहे. मी बघेन."

रागाने त्यांनी र वर बोट दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. रिबन झिजून अक्षर फिकं उमटलं की टाइपरायटरवर त्या वर्षानुवर्षं असंच करत आल्या होत्या. नख पांढरं होईस्तोवर दाबलं. तेवढ्यात र च्या डोक्यावर एक चिमुकला चौकोन उघडला. त्यात दुसरा र बसला होता, खाली टिंब असलेला.

वन्संनी श्वास रोखून तो उचलला, त्याचा पाय मोडला, पुढे या टाइप केलं.

"झाला आडवा," त्या पुटपुटल्या.

रेक्टर दचकले. "कोण?"

"र."

मग दोन तास वन्सं एकेका आचार्याला पकडून आचारी करत होत्या आणि प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून दाखवत होत्या. अर्पणपत्रिका रेक्टरांनी पुन्हा मागून घेतली, दोन बोटांनी स्वतः मोठी केली आणि बराच वेळ समोर धरून ठेवली.

घरी पोचताच वन्संनी दारातूनच निकाल दिला. "शनिवारची वाट बघायची नाही. मुलीला कळवा, आत्याने ठेवून घेतला. फक्त पुढे केलेला शब्द वाचल्याशिवाय घ्यायचा नाही, कारकुनाचा काय आणि याचा काय."

"आणि लॅपटॉप भंगारात?"

"जुन्या फाँटच्या फायली त्यातच उघडतात. कपाटात राहू दे. पण उचला तुम्ही, मला डॉक्टरांनी मनाई केली आहे."

संध्याकाळी वहिनींनी लिहिलं: गुरुवार, १२ सप्टेंबर. लॅपटॉप कपाटात ठेवला. जेवणाचं टेबल मोकळं झालं. त्याचा खिडकीकडचा पाय आखूड आहे, हे आज कळलं. घडी करून पुठ्ठा लावला.